घरच्या सुतारखोलीची आवरासावर

सुतारकामाच्या खोलीतला पसारा घरातल्या इतर पसाऱ्याहून मुळातच वेगळ्या जातीचा असतो, कारण तिथे साठलेल्या वस्तू स्वस्थ पडून राहत नाहीत. माळ्यावर ठेवलेली जुनी भांडी वर्षभर तशीच राहिली तरी त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. पण भिंतीला टेकवून ठेवलेली फळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, एकाच खणात टाकलेल्या पटाशांच्या धारा एकमेकींवर आपटून मोडतात, दमट हवेत रंध्याच्या पात्यावर गंज चढतो, कोपऱ्यातल्या आंब्याच्या तुकड्यांत किडा शिरतो आणि करवतीखाली साचलेला भुसा झाडू लागताच पुन्हा हवेत उडतो. म्हणून अशा खोलीची आवरासावर करताना नुसते डबे आणि फडताळे आणून भागत नाही. लाकूड, पोलाद आणि भुसा या तीन द्रव्यांचे स्वभाव आधी समजून घ्यावे लागतात, आणि त्याहीआधी हा पसारा साचतो कसा, हे पाहावे लागते.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या सुताराला हा प्रश्न आजच्या रूपात पडण्याचे कारण नव्हते. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीची चाके, दारे-खिडक्या अशी त्याची कामे ठरलेली असत; तो जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरून काम करी, आणि वाकस, करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, हातोडा, काटकोन तपासण्याचा गुण्या आणि फळीच्या कडेला समांतर रेघ ओढण्याची खतावणी एवढ्या हत्यारांवर त्याचा संसार चाले. पुष्कळदा तो गिऱ्हाइकाच्याच अंगणात बसून काम करी, त्यामुळे उरलेले तुकडे आणि ढलप्या त्याच घरी राहत; तुकडे चुलीत जात, ढलप्या अंघोळीचे पाणी तापवण्याच्या तांब्याच्या बंबात जात, आणि भुशाला भुशाची शेगडी होती. पत्र्याच्या डब्यात मधोमध दांडा उभा धरून भोवती भुसा ठासून भरायचा, मग दांडा अलगद काढून घ्यायचा आणि मध्ये तयार झालेल्या पोकळीतून खालच्या बाजूने हवा खेळती ठेवून तो भुसा तासन्‌तास संथपणे जळू द्यायचा, अशी तिची साधी रचना असे. लाकडाचा कणही घरात साचून राहू नये, अशी ही व्यवस्था कोणी मुद्दाम आखलेली नव्हती, पण ती होती.

स्वयंपाकाचा गॅस आणि पाणी तापवण्याची विजेची साधने आली, तेव्हा या सगळ्या वाटा एकामागून एक बंद झाल्या. आज छंद म्हणून घरी सुतारकाम करणारा माणूस, मग त्याची सुतारखोली कोकणातल्या घराच्या पडवीत असो, बंगल्याच्या मोटार ठेवण्याच्या जागेत असो की सदनिकेच्या गच्चीवरच्या शेडमध्ये, बाजारातून अखंड फळ्या आणि ८ फूट बाय ४ फुटांचे प्लायवुडचे ताव आणतो, त्यातून हवे तेवढे कापून घेतो आणि उरलेले भिंतीला टेकवून ठेवतो. आवक होण्याचे मार्ग पुष्कळ आणि जावक होण्याचा एकही नाही, या अवस्थेत पसारा वाढण्यात त्या माणसाच्या आळसाचा वाटा लोक समजतात त्याहून बराच कमी असतो. आवरासावरीचा खरा भाग म्हणजे या बंद पडलेल्या जावकेला नवे मार्ग काढून देणे. मांडणी त्यानंतर येते.

पिंपरी-चिंचवड, चाकण किंवा नाशिकच्या कारखान्यांत काम केलेल्यांना या संदर्भात जपानी कारखानदारीतून आलेली पाच पायऱ्यांची पद्धत आठवेल. सेइरी म्हणजे हवे-नको ते निवडणे, सेइतोन म्हणजे हव्या त्या वस्तूंना जागा देणे, सेइसो म्हणजे स्वच्छता, सेइकेत्सु म्हणजे या तिन्हींची रीत ठरवून देणे आणि शित्सुके म्हणजे ती रीत अंगवळणी पाडणे. या क्रमात निवड पहिली येते आणि मांडणी दुसरी, ही त्या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण नको असलेल्या वस्तूंना व्यवस्थित जागा करून देण्यासारखा श्रमांचा दुसरा अपव्यय नाही. मात्र कारखान्याची पद्धत घरच्या सुतारखोलीला जशीच्या तशी लागू होत नाही. कारखान्यात एकच काम दिवसभर, वर्षभर होत असते, त्यामुळे कोणती वस्तू लागते आणि कोणती लागत नाही हे मोजून सांगता येते. घरी मात्र एका महिन्यात पाट, पुढच्या महिन्यात पुस्तकांचे कपाट आणि त्यानंतर एखाद्या जुन्या पाळण्याची दुरुस्ती, असे काम सतत बदलत असते, आणि सहा महिने हात न लागलेली वस्तू सातव्या महिन्यात नेमकी हवी असते. हा अनुभव प्रत्येक छांदिष्ट सुताराला आलेला असल्यामुळेच काहीही टाकून देण्याची त्याची तयारी नसते.

हे विशेषतः कापून उरलेल्या तुकड्यांच्या बाबतीत खरे आहे, आणि सुतारखोलीतला निम्म्याहून जास्त पसारा बहुधा या तुकड्यांचाच असतो. सगळे तुकडे एकाच ढिगात टाकले की ते सगळेच निरुपयोगी होतात, कारण हवा तो तुकडा शोधण्यापेक्षा नवी फळी कापणे सोपे वाटू लागते, आणि मग त्या नव्या फळीचा उरलेला भाग त्याच ढिगात जातो. ढीग मोडायचा तर निवड लांबीवरून करण्यापेक्षा आधी जातीवरून करणे श्रेयस्कर आहे. शिसवाचा चार बोटांचा तुकडाही राखून ठेवण्याजोगा असतो, कारण त्याची खणाची मूठ होते, चौकटीच्या सांध्यात ठोकायची खुंटी होते, पटाशीचा दांडा होतो. शिवाय शिसवाच्या संपूर्ण कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जानेवारी २०१७ पासून निर्बंध आहेत, यावरूनही या लाकडाचे दुर्मीळपण लक्षात यावे. सागवानाचे हातभर लांबीचे तुकडे खणांच्या बाजू, छोट्या चौकटी, टेकू अशा असंख्य कामांना येतात. आंब्याचा किंवा इतर हलक्या लाकडाचा वीतभर तुकडा मात्र क्वचितच पुन्हा वापरला जातो. प्लायवुडचा नियम आणखी वेगळा आहे: ज्या तुकड्यातून खणाचा तळ निघू शकतो तो ठेवावा, त्याहून लहान तुकडे चाचणीसाठी मोजके राखावेत आणि बाकीचे काढून टाकावेत.

हलक्या लाकडाचे तुकडे साठवण्यातला खरा धोका जागेचा नाही, किड्याचा आहे. रुंदपर्णी झाडांच्या सालीलगतच्या पांढरट लाकडात, म्हणजे झाड जिवंत असताना ज्यातून रस वाहतो त्या भागात, पिष्टमय पदार्थ साठलेला असतो, आणि भुंग्यांच्या एका गटातल्या माद्या अशा लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांत अंडी घालतात. अळ्या आतल्या आत ते पिष्ट खात बोगदे करतात आणि शेवटी १ ते २ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडून प्रौढ किडा बाहेर पडतो. त्या भोकाखाली जमिनीवर पिठासारखी बारीक भुकटी पडलेली दिसली की तो ढीग किड्याची वसाहत झाला आहे असे समजावे. सागाच्या गाभ्याच्या जून लाकडाला हा किडा सहसा लागत नाही, पण त्याच सागाच्या फळीची पांढरट कडा, आंबा, सावर आणि बांबू ही त्याची आवडती ठिकाणे आहेत. वर्षानुवर्षे न हलवलेला तुकड्यांचा ढीग म्हणजे या किड्याला घरातल्या इतर लाकडी सामानाकडे जाण्यासाठी आयता तळ मिळतो. राखून ठेवायच्या हलक्या लाकडाला टाकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणाचा हात देण्याची पद्धत चांगली आहे; तरीही ढीग लहान ठेवणे हाच त्यावरचा मुख्य उपाय. यासाठी प्रत्येक जातीला एकच ठरावीक खोके द्यावे आणि ते भरले की नवा तुकडा ठेवण्यापूर्वी जुना एक काढावा, म्हणजे कोणता तुकडा राखायचा हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने, पण छोट्या प्रमाणात सुटत जातो.

अखंड फळ्यांचा विचार त्यांच्या हालचालीपासून सुरू करावा लागतो. लाकूड कितीही वाळलेले असले तरी भोवतालच्या हवेतल्या ओलाव्याशी ते देवाणघेवाण करीत राहते. हवा दमट झाली की पाणी शोषते, कोरडी झाली की सोडते, आणि काही आठवड्यांनी हवा व लाकूड यांच्यात एक समतोल येतो. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ७ ते ८ टक्क्यांवर स्थिरावतो, आणि कोकणातल्या भर पावसाळ्याप्रमाणे आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात गेली की तो १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो. सागवान हे स्थिर लाकूड मानले जाते, तरीही खोडाच्या परिघाच्या दिशेने कापलेली दहा इंच रुंदीची सागाची फळी या दोन टोकांच्या दरम्यान सुमारे ४ मिलिमीटरने रुंदावते किंवा आकसते. लांबीत मात्र हा फरक जवळजवळ नसतोच. ही हालचाल फळीच्या दोन्ही बाजूंनी सारखी झाली तर फळी सरळ राहते. एक बाजू भिंतीला किंवा फरशीला चिकटलेली आणि दुसरी उघड्यावर, अशी स्थिती असेल तर दोन बाजू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि फळी वाटीसारखी वळते.

म्हणून फळ्या आडव्या, एकावर एक, पण प्रत्येक दोन थरांत सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून रचाव्यात, आणि त्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकाच ओळंब्यात याव्यात, नाहीतर वरच्या फळ्यांचे वजन खालच्या फळीला नेमके आधार नसलेल्या ठिकाणी दाबते. भिंतीत बसवलेल्या लोखंडी हातांवर रचायच्या असतील तर हातांमधले अंतर दीड ते दोन फुटांहून जास्त असू नये. वजनाचा अंदाज इथे पुष्कळांचा चुकतो: ८ फूट लांब, ८ इंच रुंद आणि १ इंच जाड सागवानी फळी अर्धा घनफूटही भरत नाही, तरी तिचे वजन ८ किलोच्या आसपास असते, त्यामुळे तशा दहा फळ्यांचा थर म्हणजे एका माणसापेक्षा जास्त भार झाला. १९ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा एकच ताव ३५ किलोच्या आसपास भरतो. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून रचण दोन बोटे तरी सुटी ठेवावी आणि वाळवीच्या भीतीमुळे जमिनीपासून वीतभर उचललेली असावी. प्लायवुडचे ताव आडवे ठेवायला जागा नसते, तेव्हा ते उभे ठेवावेत. पण तिरपे टेकवले तर ते स्वतःच्या वजनाने वाकतात, म्हणून दोन्ही बाजूंनी आधार असलेल्या अरुंद खाचेत, जवळजवळ सरळ उभे ठेवावेत.

हत्यारे आणि किरकोळ सामान यांच्या मांडणीबद्दल परदेशी पुस्तकांत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण मराठी घराने या विषयाचा विचार स्वयंपाकघराच्या निमित्ताने फार पूर्वीच करून ठेवलेला आहे आणि त्यासाठी लागणारे शब्दही भाषेत तयार आहेत. खुंटी, कोनाडा, फडताळ, मांडणी, उतरंड आणि माळा ही साठवणीची सहा वेगवेगळी तत्त्वे आहेत. खुंटीवरची वस्तू एका हाताने, न पाहता घेता येते आणि तशीच परत ठेवता येते. कोनाडा एकाच ठरावीक वस्तूचा असतो. मांडणीवर वस्तू एका ओळीत, सगळ्या दिसतील अशा राहतात, तर फडताळात त्या झाकून राहतात. माळ्यावर वर्षातून एकदा लागणारे सामान जाते. आणि उतरंडीत मडक्यावर मडके चढवलेले असते, त्यामुळे कमी जागेत पुष्कळ मावते, पण सर्वांत खालचे मडके काढायला वरची सगळी उतरवावी लागतात. वाणवसा किंवा वर्षाचे धान्य यांसाठी उतरंड योग्यच होती. बहुतेक सुतारखोल्यांतला बिघाड असा की तिथे सगळीच उतरंड झालेली असते: पेटीवर पेटी, तिच्यावर यंत्राचे खोके, त्यावर पॉलिश पेपरची चळत, आणि रोज लागणारा गुण्या सगळ्यांत तळाशी.

खुंटीचे तत्त्व आखीव रूपात कुठवर नेता येते, याचे एक सुंदर उदाहरण स्वयंपाकघरातलेच आहे. पाककलेवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका जूलिया चाइल्ड यांच्या केंब्रिज गावातल्या स्वयंपाकघरात त्यांचे पती पॉल यांनी छिद्रांच्या फळ्या भिंतींना लावून त्यांवर प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा रंगवली होती, म्हणजे कोणतेही भांडे परत कुठे टांगायचे हे कोणालाही विचारावे लागू नये. ते अख्खे स्वयंपाकघर आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. हत्यारांच्या फळीवर अशी आकृती रेखून ठेवली तर तिचा दुसरा लाभ मिळतो: संध्याकाळी रिकाम्या राहिलेल्या आकृतीवरून कोणते हत्यार टेबलाखाली पडले आहे किंवा शेजारी गेले आहे, ते लगेच कळते. छिद्रांच्या फळीऐवजी आडव्या लाकडी पट्ट्या वापरण्याची पद्धत आणखी मजबूत आहे. पट्टीची वरची कड ४५ अंशांत तिरपी कापून, तिची उंच कड भिंतीपासून दूर राहील अशी ती भिंतीत घट्ट बसवतात, आणि हत्यार ठेवण्याच्या प्रत्येक खोक्याच्या पाठीला उलट तिरपी पट्टी लावतात. खोके नुसते अडकवले की स्वतःच्या वजनानेच ते भिंतीकडे ओढले जाते, आणि काम बदलले की ते उचलून दुसरीकडे लावता येते. घरच्या सुतारकामात काम सतत बदलते हे लक्षात घेता ही लवचिकता फार महत्त्वाची आहे.

या दृष्टीने इतिहासातल्या दोन हत्यारपेट्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर मेस्टरमीर नावाच्या कोरड्या केलेल्या दलदलीत १९३६ साली नांगरताना एक ओकची पेटी सापडली. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या त्या पेटीत आणि तिच्याभोवती सुतारकाम व लोहारकाम यांची दोनशेच्या आसपास हत्यारे आणि वस्तू होत्या, सगळ्या एकत्र टाकलेल्या. दुसरी पेटी अमेरिकेतल्या क्विन्सी गावी पियानो बनवणाऱ्या हेन्री स्टडली या कारागिराची. मिटल्यावर जेमतेम ३९ इंच लांब, २० इंच रुंद आणि ९ इंच जाड असलेल्या या भिंतीवरच्या पेटीत त्याने अडीचशेहून अधिक हत्यारे बसवली, प्रत्येकाला त्याच्या आकाराचाच कोनाडा दिला, आणि एक थर बिजागरीवर उलगडला की त्यामागे दुसरा थर उघडतो अशी रचना केली. कारागिरीचा तो एक विलक्षण नमुना आहे यात शंका नाही. परंतु घरच्या सुतारखोलीसाठी तो अनुकरणीय म्हणता येत नाही, कारण त्या पेटीत नव्या हत्याराला कुठेही जागा नाही. ज्याची हत्यारे आणि ज्याचे काम दोन्ही कायमचे ठरलेले आहे, त्यालाच अशी मांडणी परवडते. नवशिक्याच्या मांडणीत प्रत्येक फळीवर एक-दोन खुंट्या रिकाम्या असाव्यात.

खिळे, चुका, स्क्रू, बिजागऱ्या या बारीक सामानाबाबत फार लिहिण्याची गरज नाही. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा, ज्यात एकाच झाकणाखाली सात वाट्यांत सात जिन्नस दिसतात, तो स्क्रूसाठी तितकाच उत्तम आहे, आणि लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या त्याहून मोठ्या सामानासाठी. खण करायचे असतील तर ते उथळ, दोन-तीन इंच खोलीचेच करावेत, म्हणजे त्यांत दुसरा थर साचतच नाही.

पोलादाची काळजी हवामानाशी बांधलेली आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर धरतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. किनाऱ्यालगतच्या हवेतले मीठ आणि हातांच्या घामातले क्षार यांमुळे ही मर्यादा आणखी खाली येते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या भागात हवा या मर्यादेच्या वरच असते, त्यामुळे पावसाळा सुरू होण्यापूर्वी सर्व पात्यांना यंत्राचे पातळ तेल लावून ठेवणे आणि पावसाळा संपल्यावर सर्व हत्यारे काढून पाहणे, असे वर्षातले दोन मुक्काम आपोआप ठरतात. दुसरा मुक्काम परंपरेनेही ठरवलेला आहे. आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी येणाऱ्या खंडेनवमीला, शस्त्रे आणि कामाची हत्यारे स्वच्छ करून, झेंडूची फुले वाहून पूजण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे, आणि ती तिथी बहुतेक वर्षी मोसमी पाऊस माघारी फिरण्याच्या सुमारासच पडते. सुतारखोलीतली प्रत्येक वस्तू बाहेर काढून उन्हात मांडायची मोठी आवरासावर याच काळात करणे सर्वांत सोयीचे, कारण पावसाळ्याने नेमके काय बिघडवले हे तेव्हाच ताजे दिसते: कोणत्या भिंतीशी गंज जास्त आला, कोणती फळी वळली, कोणत्या कोपऱ्यात भुकटी पडली. गंजलेली पाती काही तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की गंज सुटतो. मात्र त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन उरलेले आम्ल मारणे, लगेच पूर्ण कोरडे करणे आणि तेल लावणे या तीन गोष्टी टाळल्या तर पाते पुन्हा तासाभरात तांबूस होते. धारदार पाती एकमेकांना कधीही लागू नयेत, एवढाच त्यांच्या मांडणीचा नियम. रंधा ठेवताना तो कुशीवर किंवा पुढच्या टोकाखाली पातळ पट्टी देऊन ठेवावा.

खोलीतल्या मोठ्या वस्तूंच्या जागा ठरवताना बहुतेक जण भिंतींची लांबी मोजतात, पण मोजायची असते ती लाकडाची वाटचाल. ८ फुटांची फळी करवतीतून सलग चिरायची तर पात्याच्या आधी ८ फूट आणि पात्यानंतर ८ फूट मोकळी जागा लागते, आणि १० बाय १२ फुटांच्या खोलीचा कर्णही १६ फुटांना थोडा कमीच पडतो. अशा खोलीत करवत दाराच्या सरळ रेषेत ठेवणे हाच मार्ग उरतो, म्हणजे लांब फळी एका बाजूने दारातून बाहेर निघते. आणि वर्षातून दोन-तीनदाच लागणाऱ्या यंत्रांना चाकांचे पाट दिले तर तीच जागा वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामाला येते. कामाचे टेबल उभे राहिल्यावर मनगट जिथे येते साधारण त्या उंचीचे असावे, आणि त्याचा पृष्ठभाग हा साठवणीचा भाग मानू नये. टेबलावर वस्तू ठेवायला सुरुवात झाली की उरलेली सगळी मांडणी काही दिवसांतच ढासळते, कारण सुतारखोलीतली ती एकमेव सपाट, सोयीची आणि उजेडातली जागा असते.

भुशाबद्दल मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण स्वच्छतेच्या नावाखाली सर्वांत मोठी इजा त्यातूनच होते. इंग्लंडमधले हाय विकम हे गाव खुर्च्या आणि लाकडी सामान बनवण्यासाठी प्रसिद्ध होते. तिथल्या कान-नाक-घशाच्या शल्यविशारद एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आले की नाकाच्या पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग त्यांच्याकडे येणाऱ्या लाकूडकामगारांत विलक्षण जास्त दिसतो, आणि १९६८ साली त्यांनी अचेसन व मॅकबेथ या सहकाऱ्यांसह ते निरीक्षण वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात स्थान दिले. ही धूळ म्हणजे जमिनीवर दिसणारा जाड भुसा नव्हे. ती घासकामाच्या यंत्रातून उडणारी, डोळ्यांना न दिसणारी भुकटी असते. स्थिर हवेत १० मायक्रॉन आकाराचा कण दोन मीटर उंचीवरून खाली यायला दहा-बारा मिनिटे घेतो, तर १ मायक्रॉनच्या कणाला सोळा तासांच्या आसपास लागतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून या कणांचा आकार ध्यानात यावा. कोरड्या झाडूने झाडले की खाली बसलेली ही सगळी भुकटी पुन्हा श्वासाच्या उंचीवर येते, आणि फुंकणीच्या यंत्राने तर ती घरभर पसरते.

त्यामुळे साफसफाई वरून खाली, ओल्या फडक्याने किंवा बारीक गाळणी असलेल्या निर्वात झाडूने करावी, झाडू वापरायचाच तर जमिनीवर आधी ओला भुसा पसरून मग झाडावे, आणि या सर्व वेळी बारीक कण अडवणारी मुखपट्टी लावावी. मोठ्या आवरासावरीच्या दिवशी रोजच्या कामापेक्षा जास्त धूळ उडते, हे विसरले जाते. यंत्राच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणारी नळी लावणे याहून कितीतरी चांगले, कारण पकडलेली धूळ झाडावी लागत नाही. प्लायवुड आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा चिकटद्रव्यात दाबून केलेला पाट, यांच्या धुळीत लाकडाखेरीज फॉर्मल्डिहाइडवर आधारलेली राळही असते, त्यामुळे ती अधिकच काळजीने हाताळावी लागते.

धुळीचा दुसरा धोका आगीचा आहे आणि तिच्याशी संबंध येणाऱ्या चिंध्यांचा त्याहून मोठा. लोखंड घासण्याचे यंत्र लाकडाच्या भुशाजवळ चालवू नये, कारण त्याची ठिणगी भुशात शिरून तासन्‌तास धुमसत राहू शकते. जवसाचे उकळलेले तेल, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, ते हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून वाळते आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर टाकते. पसरलेल्या पृष्ठभागावरून ती निघून जाते, पण तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या की आतली उष्णता अडकते, ती वाढली की क्रियेचा वेग वाढतो, आणि शेवटी काडी न लावता चिंध्या पेट घेतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी ३८ मजली मेरिडियन प्लाझा इमारतीला लागलेली आग बाविसाव्या मजल्यावर ठेवलेल्या अशाच तेलकट चिंध्यांतून सुरू झाली होती. तिच्यात अग्निशामक दलाचे तीन जवान मृत्यू पावले, आणि ती शेवटी तिसाव्या मजल्यावरच्या स्वयंचलित पाण्याच्या फवाऱ्यांनी अडवली. घरच्या सुतारखोलीत म्हणून तेलाची प्रत्येक चिंधी उलगडून, बाहेर दोरीवर एकेक अशी वाळत घालावी, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवावी. थिनर, स्पिरिट आणि पॉलिशच्या बाटल्या खोलीतल्या विजेच्या बटणांपासून दूर, शक्य असल्यास खोलीबाहेरच्या लोखंडी कपाटात ठेवाव्यात.

शेवटी उरतो तो जमा केलेला भुसा, ज्याला आता ना शेगडी आहे ना बंब. अखंड लाकडाचा, रंग किंवा टाकणखार न लागलेला भुसा घरातल्या ओल्या कचऱ्याच्या खतपेटीत उत्तम कामाला येतो. खत नीट कुजण्यासाठी मिश्रणात नत्राच्या २५ ते ३० पट कर्ब असावा लागतो. भाज्यांच्या देठा-सालींत हे प्रमाण त्याहून कमी असते म्हणून त्या चिखल होऊन वास मारतात, तर भुशात कर्बाचे प्रमाण नत्राच्या काही शेकडा पट असते, म्हणून तो एकटा वर्षानुवर्षे कुजत नाही. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर भुशाचा पातळ थर टाकला की दोघांची उणीव भरून निघते, पाणी शोषले जाते आणि माश्या कमी होतात. थर जाड झाला तर मात्र कुजण्याची क्रिया थंडावते, म्हणून मूठ हलकी ठेवावी. रंध्याच्या लांब ढलप्या कुंडीतल्या मातीवर अंथरल्या तर उन्हाळ्यात ओल टिकते. प्लायवुड आणि एमडीएफचा भुसा व तुकडे यांपैकी कशातच घालू नयेत आणि शेकोटीतही जाळू नयेत. ते बंद पिशवीत, वेगळे बांधून सुक्या कचऱ्यात द्यावेत, आणि पिशवी बांधताना ती दाबून हवा काढू नये, कारण तिच्या तोंडातून जी भुकटी उडते ती थेट बांधणाऱ्याच्या नाकाशी येते.